डाव्या बुटातला खिळा

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. फुटबॉलचा, आणि डाव्या पायाचा. 'पायातली वहाण पायातच बरी' अशी तुमच्याकडे एक म्हण आहे. ती कुणाला तरी खाली बसवायला वापरतात, हे मला ठाऊक आहे. पण मला विचाराल तर ती शब्दन् शब्द खरी आहे. मला पायातच राहायचं होतं. त्याऐवजी गेली आठ वर्षं मी थॉर्नबेक गावात, एका चांभाराच्या दुकानातल्या फळीवर बसून आहे, आणि बसणं मला जमत नाही. शनिवारी दुपारी तीन वाजता मैदानाकडून गर्दीचा आवाज आला की माझं कातडं ताठ होतं. गिरणीच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या की फळी हादरते आणि मी बोटभर पुढे सरकतो. दर सोमवारी फडकं मारताना वरच्या मजल्यावर राहणारी एफी मला मागे ढकलते.

माझा एक जुळा भाऊ आहे, उजवा. तो थॉर्नबेक टाउन क्लबाच्या मोठ्या खोलीत, काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर बसलेला असतो. त्याच्याखाली पितळी पाटी आहे: 'टाउनला फायनलमध्ये नेणारा बूट'. लोक टोपी काढून त्याच्याकडे बघतात. गंमत अशी, की तो गोल त्यानं केलाच नाही. मी केला. त्या शेवटच्या पाच मिनिटांत माझ्या भावानं चेंडूला स्पर्शसुद्धा केला नव्हता. मग मखमल त्याला आणि धूळ मला, असं का? हे कोडं मला कित्येक वर्षं सुटलं नाही. आता सुटलंय, म्हणून सांगायला बसलो आहे. बसलो आहे म्हणजे, दुसरा इलाजच नाही म्हणून.

माझं कातडं बैलाच्या पाठीचं. घोट्याच्या वरपर्यंत उंच, नाकाशी लाकडासारखा कडक टोप, आणि तळाला चामड्याचे सहा स्टड. एकेक स्टड म्हणजे चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून तीन खिळ्यांनी तळात ठोकलेला गट्टू. नवा, दुकानात विकायला होतो तेव्हा मी इतका कडक होतो की माझ्यावर अंडं फोडता आलं असतं. तेवीस वर्षांचा एक सडसडीत माणूस आत आला, त्यानं मला आपल्या मापापेक्षा एक नंबर लहान घेतलं, घरी जाऊन पायात चढवलं आणि दोन्ही पाय गरम पाण्याच्या बादलीत घालून बसला. बसला म्हणतो, पण पाच मिनिटांत उठलाच. मग तो ओले बूट घालून गावभर फिरला, टेकडी चढून उतरला, संध्याकाळपर्यंत. मी त्याच्या पायावरच वाळलो. त्याची करंगळी कुठे वळते, टाचेवर जुनी खूण कुठे आहे, सगळं माझ्यात उमटलं. त्या दिवसापासून मी बूट राहिलो नाही, त्याचा पायच झालो.

त्याचं नाव सेप राउटलेज. सात भावंडांतला सातवा, म्हणून पाद्र्यानं नाव ठेवलं सेप्टिमस, म्हणजे सातवा. घरात खुर्च्या सहाच होत्या. "म्हणून हा उभ्यानं जेवायला शिकला," असं त्याची बायको एफी सांगायची, "आणि अजून बसायचं शिकला नाही." सेप आघाडीच्या मधोमध खेळायचा. त्याचं काम एकच, गोल करणं, आणि ते तो करायचा, बहुतेक वेळा डाव्या पायानं.

पायाला भिंगरी म्हणतात ना, ती त्याच्या पायाला होती, आणि ती भिंगरी म्हणजे मी. पहिला क्लब समुद्राकाठच्या कोळ्यांच्या गावातला. तिथे गोलाच्या खांबांनाही हेरिंग माशांचा वास यायचा. दोन हंगामांत सेप कंटाळला. दुसरा क्लब कोळशाच्या खाणीजवळ. तिथला चिखल काळा, आणि पाऊस पडला की माझं वजन दुप्पट. तिथेही दोनच हंगाम. तिसरा जहाजं बांधणाऱ्यांच्या गावात. हंगाम संपला की, मे महिन्यात, तो क्लबाच्या ऑफिसात जाऊन म्हणायचा, "मला जाऊ द्या." कुठे जायचंय हे त्याला विचारलं तर सांगता यायचं नाही. मला मात्र ते बरोबर वाटायचं. नवं मैदान, नवं गवत, नव्या शिव्या! एका जागी बूड टिकवण्यात काय अर्थ आहे, असं मलाही वाटायचं.

एफीला मात्र तसं वाटत नव्हतं. खेळाडूचं घर क्लबाचं असायचं. क्लब सुटला की घरही सुटलं. तिच्याकडे लग्नातले हिरव्या ठिपक्यांचे पडदे होते. दर घराच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या. म्हणून ती पडद्यांची खालची पट्टी कधी कापायची नाही. एका घरात दुमडून टाके घालायची, दुसऱ्या घरात उसवून लांब करायची. जुन्या टाक्यांच्या रेघा त्या पडद्यांवर एकाखाली एक दिसायच्या.

थॉर्नबेकच्या घरात पहिल्या दिवशी ती स्टुलावर उभी राहून म्हणाली, "हे चौथं घर. खिडकी आणखी एक वीत उंच. आता या पडद्यांना मी पाणी घालून वाढवू का?"

"घाल की," सेप म्हणाला. "मी बादली आणतो."

"बादली नको. खुर्ची आण, आणि तिच्यावर बसून दाखव. दहा मिनिटं. मी घड्याळ लावते."

तो हसला, पण बसला नाही.

दुसरं महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली होती. साखर अजून रेशनवरच होती. सेप आता एकतीस वर्षांचा होता. त्याचे गुडघे सकाळी कुरकुरायचे, आणि माझाही तळ तीनदा बदलून झाला होता. रोजच्या सामन्यांना त्यानं नवा जोड घेतला होता. जुना जोड, म्हणजे मी आणि माझा भाऊ, फक्त कपच्या सामन्यांना. हा कप म्हणजे साऱ्या देशाचा. लहान-मोठा कुठलाही क्लब त्यात उतरतो, आणि हरला की त्याच दिवशी बाहेर. जे दोन उरतात ते मे महिन्यात लंडनला, लाखभर माणसांसमोर आणि राणीसमोर फायनल खेळतात. सेपनं दोनशेच्या वर गोल केले होते, पण फायनलचं मैदान त्यानं फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलं होतं. त्याच्या साऱ्या धावाधावीच्या मागे काय होतं, हे मला त्या वर्षी कळलं. तो त्या एका मैदानाकडे धावत होता, आणि रस्ता चुकून वाटेतल्या गावांत उतरत होता.

जानेवारीत पहिला सामना होता. गावातला म्हातारा चांभार इन्स्किप त्याच आठवड्यात माझे स्टड बदलणार होता, कारण ते झिजून पार चपटे झाले होते. पण बर्फ पडला, दुकान बंद राहिलं, आणि सेपनं मला आहे तसंच घातलं. त्यानं दोन गोल केले. टाउन जिंकलं.

आणि मित्रांनो, तिथेच सगळं फसलं. कारण थॉर्नबेकच्या लोकांची एक रीत आहे. कपमध्ये जिंकायला लागलं की काही म्हणता काही बदलायचं नाही. संघाचा ट्रेनर जॉस फेअरक्लफ, पहिल्या सामन्याला जी टोपी होती तीच घालायचा, उन्हातसुद्धा. खाटकाच्या दुकानातली फुटलेली काच तशीच ठेवली गेली. एका आजीबाईंनी पहिल्या सामन्याच्या दिवशी चुकून चहात मीठ घातलं होतं. त्या दर सामन्याला मिठाचा चहा प्यायल्या, तोंड वाकडं करून. सेपचे मोजे धुतले गेले नाहीत. आणि मी? मला तर कुणी हातही लावायचा नव्हता. चिखल खरवडायचा नाही, चरबी चोळायची नाही, आणि स्टड बदलायचं तर नावच काढायचं नाही.

दुसरा सामना जिंकला, सेपचा गोल. तिसरा जिंकला, पुन्हा त्याचाच. चौथा सामना मोठ्या क्लबाशी होता, तोही जिंकला, आणि वर्तमानपत्रात माझं नाव छापून आलं: 'राउटलेजचा डावा बूट'. मी फुगलो, खोटं कशाला बोलू? पण आतून मला बरं वाटत नव्हतं. चरबीविना माझं कातडं तडकत होतं. तळ वाळून पातळ झाला होता. आणि अंगठ्याच्या उंचवट्याखालचा जो स्टड, त्याच्या तीन खिळ्यांपैकी एक दर धावेला आत सरकत होता, केसाएवढा. मला कळत होतं. बुटाला आपल्यातला खिळा कळतो. पण बुटाला जीभ असली तरी ती बोलायची नसते.

सेमीफायनल शनिवारी होती. गुरुवारी संध्याकाळी सेप घरात येरझाऱ्या घालत होता. एफी बटाटे सोलत होती.

"एफी, हा एक सामना जिंकलो, की मग फायनल," तो म्हणाला. "फायनल खेळलो की संपलं. मी मेमध्ये ऑफिसात जाणार नाही. इथेच राहू. तू पडद्याची पट्टी काप."

सुरी थांबली. "काय म्हणालास?"

"काप म्हणालो. कात्रीनं. कायमची."

"शपथ?"

"शपथ. फक्त त्या मैदानात एकदा पाय ठेवू दे."

तो बाहेर गेल्यावर एफीनं बटाटे बाजूला सारले. मग ती कोपऱ्यात आली आणि मला उचललं. वर्तमानपत्राचे बोळे आत घालून मला वाळवायचं काम आठ वर्षं तिचं होतं. यंदा तेही बंद होतं. 'कागदानं काय होतंय,' असं पुटपुटत तिनं बोळा आत सरकवला, आणि झटकन हात मागे घेतला. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता.

तिनं सेपला हाक मारली नाही. मला एप्रनखाली धरलं आणि गल्लीच्या टोकाला इन्स्किपच्या दुकानात गेली. तिथे गिरणीतल्या दोघी बाया, लाकडी तळाचे बूट दुरुस्तीला देऊन नुसत्या मोज्यांवर बसल्या होत्या.

"मिस्टर इन्स्किप, आत हात घालून बघा," एफी म्हणाली.

इन्स्किपनं बघितलं. चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. "टोक आलंय. दोन घावांचं काम आहे, बाई." त्यानं मला लोखंडी पायावर, म्हणजे बूट ठोकायच्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, पालथं चढवलं. बाहेरून घाव घातला की आतलं टोक लोखंडावर आपटून वळतं आणि गप्प बसतं. त्यानं हातोडी उचलली.

"हा कुणाचा बूट?" एका बाईनं विचारलं.

एफीनं मध्ये उभं राहून बूट झाकला. पण चिखलावरून त्या बाईनं ओळखलं. "अगं बाई! हा तर सेपचा! इन्स्किप, हातोडी खाली ठेव!"

"खिळा वर आलाय ना," इन्स्किप म्हणाला.

"येऊ दे. चार सामने खिळ्यासकट जिंकलोय. माझा नवरा एकोणतीस वर्षं टाउन बघतोय, सेमीफायनल बघितली नव्हती त्यानं. तू घाव घातलास आणि परवा हरलो, तर?"

"तर तुझ्या दुकानाच्या काचा जागेवर राहतील का?" दुसरी म्हणाली. "सगळ्यात पहिला दगड माझा असेल, सांगून ठेवते."

हातोडी वरच होती. मी खालून बघत होतो. मार रे बाबा, मार! नुसते दोन घाव! माझ्या आयुष्यात मी कधी कशासाठी इतका तळमळलो नाही. एफी म्हणाली, "मिस्टर इन्स्किप, त्याच्या पायाचा प्रश्न आहे." पण तिचाही आवाज खाली आला होता. तिलाही फायनल हवी होती. पट्टी कापायची होती ना.

इन्स्किपनं घाम पुसला. "असं करू," तो म्हणाला, "बुटाला हात लावायचा नाही. आत नुसता पुठ्ठा घालू. पुठ्ठा म्हणजे काही बदल नव्हे." हातोडी हळूच खाली आली, ती बाकावर. त्यानं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माझ्यात बसवला. बाया म्हणाल्या, "हां, हे चालतं." सगळ्यांना हायसं वाटलं. मला सोडून.

शनिवारी सकाळी दव गोठलं होतं, दुपारी ऊन पडलं. मैदान वरून ओलं आणि खालून दगड झालं. पुठ्ठा दहा मिनिटांत भिजला, वीस मिनिटांत त्याचा लगदा झाला. अर्ध्या तासाला सेपनं वळण घेत जोरात डावा चवडा रोवला, आणि माझ्यातला खिळा त्याच्या पायात गेला. मी तो थांबवू शकलो नाही. ज्या पायाचा मी होतो, त्याच पायात माझा खिळा.

तो ओरडला नाही. पुढच्या पावलाला मात्र लंगडला. मधल्या सुट्टीत जॉस त्याच्याजवळ बसला, टोपी डोळ्यांवर.

"सेप, काय झालं?"

"चमक भरलीय."

"बूट काढ. बघू दे."

"काढला तर पाय परत आत जायचा नाही, जॉस. आणि माझ्या जागी कोण येणार? तू?"

खरंच होतं ते. त्या काळी बदली खेळाडू नसायचा. अकरा उतरले की अकराच; एखादा बाहेर गेला की उरलेल्या दहांनी खेळायचं. जॉसनं ओल्या स्पंजानं त्याचा घोटा पुसला, ज्याला काहीच झालं नव्हतं. "डावीकडे रेघेपाशी जाऊन उभा राहा," तो म्हणाला. "नुसता उभा. त्यांचा एक माणूस तरी तुझ्यावर अडकून पडेल, पोरा."

सेपला एका जागी उभं राहायला सांगितलं! दुसऱ्या अर्ध्यात तो रेघेपाशी उभा होता, एक पाय टेकवत, एक उचलत. सुरुवातीला त्यांचा एकजण त्याच्याजवळ राहिला. मग त्यानंही ओळखलं की हा माणूस संपलाय, आणि तो निघून गेला. सामना शून्य-शून्यवर होता. पाच मिनिटं राहिली होती. मध्ये गर्दी उडाली, चेंडू कुणाच्या तरी डोक्याला लागून उंच गेला आणि आमच्याकडे आला. आसपास कुणी नव्हतं. सेप दोन पावलं धावला. दुसरं पाऊल माझं होतं, खिळ्यावरचं, आणि तो त्या पावलाला खरंच ओरडला. मग उजव्यावर भार देऊन त्यानं मला फिरवलं. गोलकीपर हलायच्या आत जाळं हललं.

त्या आवाजाबद्दल मी काय सांगू? सगळे त्याच्यावर पडले. एकजण माझ्यावर उभा राहिला, आणि खिळा उरलासुरला तोही आत गेला.

सामन्यानंतर अकराही जण एकाच मोठ्या हौदात गरम पाण्यात उतरायचे. सेप बुटांसकट उतरला. जॉस म्हणाला, "खुळा झाला आनंदानं!" सगळे हसले. त्यानं मला पाण्याखाली, हळूहळू, दात आवळून काढलं. पाणी आधीच चिखलानं तांबडंकाळं होतं. त्यात आणखी थोडं रक्त कोण ओळखणार?

एफीनं घरी ओळखलं. तिनं माझ्यात हात घातला आणि पुठ्ठ्याचा लगदा मुठीत धरून बाहेर काढला.

"डॉक्टर," ती म्हणाली.

"नाही. डॉक्टर बघेल, जॉसला सांगेल, जॉस मला काढेल. पाच आठवडे आहेत. तोवर बरा होतो मी."

"सेप..."

"फायनल आहे, एफी! फायनल!"

तो पाच दिवस मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसला. आयुष्यात प्रथमच इतका वेळ बसला. सहाव्या दिवशी घोट्यापासून वर लाल रेघ चढली आणि तो तापात बडबडायला लागला. मग इस्पितळ; तिथलं सारं मी पुढे एफीच्या तोंडून ऐकलं. खिळ्याबरोबर मैदानातली घाण हाडापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी दोन वेळा पाय उघडला आणि अंगठा व त्याच्या शेजारचं बोट काढून टाकलं. ती दोन बोटं माझ्यात अजून आहेत. म्हणजे त्यांचे ठसे.

फायनल त्यानं वॉर्डातल्या रेडिओवर ऐकली. टाउन एक-शून्यनं जिंकलं. त्याच्या जागी खेळलेल्या माणसानं गोल केला. अकरा पदकं मिळाली, बारावं नसतंच. विजयी संघाची बस मुद्दाम इस्पितळावरून आणली. सेप कुबडी घेऊन खिडकीत उभा राहिला आणि हात हलवला. बस वळेपर्यंत हलवत होता. मग बस गेली तरी हलवत होता, तेव्हा एफीनं तो हात धरून खाली घेतला.

त्या आठवड्यात इन्स्किप वॉर्डात आला, टोपी हातात चुरगाळत.

"हातोडी माझ्या हातात होती, सेप."

"माहीत आहे. एफीनं सांगितलं."

"मारली असती तर..."

"मारली असती आणि आपण हरलो असतो, तर तुमच्या काचा मीच फोडल्या असत्या," सेप म्हणाला. "त्या आजीबाईंनी मिठाचा चहा प्यायला, तुम्ही पुठ्ठा घातला, मी खिळ्यावर धावलो. गावात शहाणं कोण होतं?"

इन्स्किपनं नाक शिंकरलं. "माझे डोळे गेलेत. दुकानाला हात हवेत. वरती दोन खोल्या आहेत. काम शिकवतो तुला. पण बसून करायचं काम आहे हं."

"बसून?" सेपनं असं विचारलं, जसं काही न्यायाधीशानं शिक्षा वाचली होती.

क्लबाचं घर सोडावं लागलंच. दुकानावरच्या खोलीत एफीनं पडदे लावले, खिडकी मोजली, कात्री घेतली आणि पट्टी कापली. कापताना ती रडली. तिला हवं होतं तेच झालं होतं, पण असं नको होतं.

मग क्लबाचा माणूस गोल करणारा बूट मागायला आला. सेपनं दोघांनाही उचललं, क्षणभर बघितलं, आणि माझ्या भावाला देऊन टाकलं; डावा की उजवा, हे त्या माणसानं बघितलंच नाही. मला फळीवर ठेवलं. तेव्हापासून मी संतापानं जळत होतो. स्तुती त्याची, धूळ माझी! आणि खिळा तसाच आत. दिवसभर सेप खाली बसून, बाकाखाली पाय नाचवत, दुसऱ्यांच्या बुटांना स्टड ठोकतो. ठोकून झालं की प्रत्येक बुटात हात घालतो, बोटं फिरवतो, तेव्हाच देतो. सगळ्यांचे खिळे वळवतो आणि माझाच नाही! एकदा एफी म्हणालीसुद्धा, "अरे, निदान त्याचा खिळा तरी ठोक. मला बघवत नाही."

"असू दे," तो म्हणाला. बस, इतकंच.

या मार्चमध्ये क्लाइव्ह आला. टाउनचा नवा सेंटर फॉरवर्ड, बावीस वर्षांचा, उंच, केसांना तेल. कपचे चार सामने टाउन जिंकलं होतं, आणि चारही सामन्यांत त्याचे गोल. त्यानं आपले बूट बाकावर ठेवले, चिखलासकट.

"मिस्टर राउटलेज, नाडीचं भोक फाटलंय, तेवढं शिवून द्या. पण तळाला हात लावायचा नाही हं! शकुनाचे बूट आहेत. तुम्हाला काय सांगायचं?"

सेपनं ते उचलले. स्टड चपटे झाले होते. त्यानं आत हात घातला नाही. उठला, लंगडत माझ्याकडे आला, आणि आठ वर्षांनी मला फळीवरून खाली काढलं.

"हात घाल," तो म्हणाला.

क्लाइव्हनं हसत हात घातला. आणि झटकन काढून बोट तोंडात धरलं. "हा काय प्रकार आहे?"

"सेमीफायनलचा बूट."

"तो तर काचेच्या कपाटात आहे!"

"तो उजवा. त्यात बघण्यासारखं काही नाही, म्हणून दिला."

क्लाइव्हनं बोटावरचं रक्त बघितलं. मग म्हणाला, "पण गोल तर झाला ना, मिस्टर राउटलेज?"

"झाला. सुरेख झाला. फायनल कुठे ऐकलीस तू?"

"ऐकली? छे! मी होतो तिथे. बाबांनी नेलं होतं. चौदा वर्षांचा होतो. कठड्यावर बसवलं होतं मला. अजून सगळं डोळ्यांसमोर आहे."

"मैदान कसं होतं?" सेपनं विचारलं.

"हिरवंगार. इतकं हिरवं की... तुम्हाला काय सांगू..."

तो मध्येच थांबला. सेपचा पाय, जो बाकाखाली सदा नाचत असतो, तो थांबला होता.

"सांग की," सेप म्हणाला. "तू होतास. मी नव्हतो."

जिन्यात एफी कठड्याला धरून उभी होती. मग क्लाइव्हनं आपले बूट उचलले. मला वाटलं, चालला. पण त्यानं ते उलटे केले, तळ वर करून, आणि सेपपुढे सरकवले.

सेप बसला. लोखंडी पाय जवळ ओढला, बूट चढवला, हातोडी उचलली आणि मारली. जे दोन घाव मला मिळाले नाहीत, ते मी फळीखाली बाकावर पडून, एक-एक करून ऐकले. आणि तेव्हा मला कळलं, माझा खिळा त्यानं का ठेवला, आणि मखमल माझ्या वाट्याला का आली नाही. काचेआड कुणाला हात घालता येत नाही.

आता मी पुन्हा फळीवर आहे. बसवत नाहीच, सरकतोच. पण कुणी झिजके स्टड घेऊन शकुनाच्या गोष्टी सांगत आत आलं, की मी अगदी कडेला येऊन थांबतो, हाताला लागावं म्हणून.

मित्रांनो, बुटांना माया लावा, त्यांना वाळवा, चरबी चोळा. हे तर कुठलाही बूट सांगेल. मी एवढंच जास्त सांगतो. ज्याच्यावर भार टाकून धावायचं आहे, त्याच्या आत आधी हात घालून बघा. सगळं गाव जिंकत असलं तरी बघा. टोक लागलं तर पुठ्ठा घालू नका. आणि हातोडी उचललीच असेल, तर कुणाचंही न ऐकता ती खाली आणा.